काच : कंदिलापासून जिन्यापर्यंत
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला ‘काच’. दुसरं देणार तरी काय? पंचवीस वर्षं या सोसायटीत मला सगळे ‘काचवाले काका’ म्हणतात. मी काही प्राध्यापक नव्हे. चाळीस वर्षं बारामतीत काच कापली, बसवली, फुटली की पुन्हा बसवली. त्यात जे समजलं, जे वाचलं, ते सांगतो. शेवटी आपल्या वार्षिक सभेपुढे जो ठराव येणार आहे, समोरची बाजू आणि बाल्कन्या काचेच्या करण्याचा, त्यावरही बोलणार आहे. आधीच सांगून टाकतो, दुकान आता मुलगा बघतो, आणि या कामाचं कोटेशन आम्ही दिलेलं नाही, देणारही नाही. म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल.

सुरुवात पोरांच्या प्रश्नानं करू. परवा खाली खेळताना एकानं विचारलं, “आजोबा, काच वाळूपासून करतात ना, मग आपल्या भीमेच्या वाळूची काच होईल का?” प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असं की होईल, पण काळपट-हिरवी होईल. आपली नदी काळ्या पाषाणातून येते, तिच्या वाळूत लोह फार. काचेला लागते ती पांढरी सिलिका वाळू. आपल्या राज्यात ती सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात निघते. भीमेच्या वाळूसाठी रात्री-अपरात्री भांडणारे लोक आहेत, पण ते काचवाले नव्हेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

घरी जाऊन काचेच्या टीपॉयची कड बघा. वरून काच पांढरी दिसते, कडेनं हिरवी. तो हिरवा रंग म्हणजे वाळूत राहिलेलं थोडंसं लोखंड. साध्या काचेत शंभरातले सुमारे ७० भाग वाळू, बाकी सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळायला १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ती लवकर वितळते. पण नुसता सोडा घातला तर ती काच पाण्यात विरघळेल, म्हणून चुना. आपल्या स्वयंपाकासारखंच आहे, प्रमाण चुकलं की गेलं.

आपल्याकडे काच आली कधी? लोकांना वाटतं इंग्रजांनी आणली. तसं नाही. नेवासे, तेर, पैठण, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या सापडल्या आहेत, काही तर सातवाहनांच्या काळातल्या. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आपल्या मराठी संशोधकानं भारतीय काचेचा सगळा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो मुंबई विद्यापीठानं १९६९ साली छापला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्या बायकांच्या हातात काच होती. खिडकीत मात्र नव्हती. आपल्या इंदापूर भागातली जुनी धाब्याची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, हातभर खिडकी, वर धाब्याला सानं. उजेड वरून यायचा, धूर वरून जायचा. कौलारू घरात एखादं काचेचं कौल बसवायचे, त्यातून चुलीपुढं उन्हाचा एक खांब उभा राहायचा. गोव्यात तर खिडकीला पातळ अर्धपारदर्शक शिंपले लावायचे, लाकडी चौकटीत एकेक ओवून. जुन्या घरांत अजून दिसतात. उजेड मऊ येतो आणि रस्त्यावरचं कुणी आत डोकावत नाही. आपल्या बाथरूमच्या बजरी काचेचं तेच काम, फक्त शिंपल्याची शोभा तिला नाही.

शनिवारवाड्यात आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाड्यातल्या इमारती गेल्या, त्यामुळे आज आपण फक्त नावच वाचतो. मुंबईला गेलात तर विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयातल्या रंगीत काचा जरूर बघा. १८७८ सालची इमारत, काही वर्षांपूर्वी त्या काचा पुन्हा नीट केल्या आहेत. दुपारी फरशीवर रंग पडतात. शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवायचा, हे काम मी कधी केलं नाही, पण करणाऱ्याच्या हातांना नमस्कार करावासा वाटतो.

आता मुद्द्याकडे येतो. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रातल्या काचेची खरी गोष्ट दोन गावांत आहे. तळेगाव आणि ओगलेवाडी.

स्वदेशीचे दिवस होते. बांगड्या, चिमण्या, दौती, सगळं परदेशातून यायचं. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी कल्पना काढली की प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यायचा. एक पैसा! त्या पैसा फंडाला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानला जाऊन काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. नुसता माल काढणं हा हेतू नव्हता, मुलांना शिकवणं हाही होता. तळेगावात शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. आपण महिन्याला मेंटेनन्स गोळा करतो तेव्हा कमिटीच्या नाकी नऊ येतात, म्हणून मला त्या पैसा गोळा करणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. (खजिनदारसाहेब हसतायत बघा.)

दुसरं गाव ओगलेवाडी. कराडला रेल्वेनं उतरलात तर तुम्ही ओगलेवाडीतच उतरता. ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा आणि आधार दिला. याच राजानं किर्लोस्करांनाही कुंडलच्या माळावर जागा दिली होती. लहान संस्थान, पण नजर मोठी. ओगल्यांच्या कारखान्यातून पुढे निघाला प्रभाकर कंदील, वडिलांच्या नावानं. त्याआधी कंदील म्हणजे अमेरिकेचा किंवा जर्मनीचा.

इथे बसलेल्यांत साठीच्या पुढचे जे आहेत त्यांना प्रभाकर कंदील सांगायला नको. लहानांना सांगतो. संध्याकाळ झाली की कंदिलाची काच काढायची, आतली काजळी राखेनं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची. मोठ्या माणसाचा हात त्या काचेत जायचा नाही, म्हणून ते काम घरातल्या सात-आठ वर्षांच्या पोराचं. काच चकचकीत झाली नाही तर रात्री अभ्यासाला उजेड कमी, म्हणजे शिक्षा आपोआपच. आमचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला तुम्ही गाड्या काढून जाता. आमच्या घराचे वासे आणि कंदील आम्ही काढून आणले होते. भिंती राहिल्या तिथेच.

आता त्या कंदिलातच एक शास्त्र आहे, आणि तेच आपल्याला जिन्यापर्यंत नेणार आहे. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती ताडकन तडकायची. का? थेंब पडला तेवढीच जागा गार होऊन आकसते, शेजारची तापलेलीच असते. काच ताणली जाते, आणि काचेला ताण सोसत नाही. दाबलं तर ती फार सोसते, ओढलं की गेली. जर्मनीत येना गावी ऑटो शॉट या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काचेत बोरॉन घातला आणि ही काच साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शानं प्रसरण पावते असं त्याला दिसलं. तीच बोरोसिलिकेट. आज ती तुमच्या मायक्रोवेव्हच्या भांड्यात आहे, शाळेच्या परीक्षानळीत आहे, पुण्यात तयार होऊन जगभर जाणाऱ्या लसींच्या कुप्यांसाठीही हीच काच लागते. आणि ती आपल्या गच्चीवर आहे.

सोलर वॉटर हीटरच्या नळ्या म्हणजे एकात एक दोन काचेच्या नळ्या, मध्ये निर्वात पोकळी. थर्मासच. एक युक्ती सांगतो, ही लिहून घ्या. प्रत्येक नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखी चकाकी असते. ती चकाकी जाऊन तिथे पांढरं दिसायला लागलं की समजा पोकळीत हवा शिरली, ती नळी मेली. पाणी गरम होत नाही म्हणून सगळा सेट बदलायला निघू नका, पांढरी नळी शोधा. दुसरं, पाणी नसताना दुपारी टाकी रिकामी झाली आणि तापलेल्या कोरड्या नळ्यांत एकदम गार पाणी सोडलं तर बोरोसिलिकेटही माफ करत नाही. पाणी सकाळी किंवा रात्री भरा. बी विंगच्या तीन नळ्या अशाच गेल्या आहेत. आणि आपल्या पाण्याचा क्षार तर विचारू नका. कॅनॉलच्या पट्ट्यात राहतो आपण, बोअरचं पाणी टाकीत गेलं की नळीत पांढरा थर बसणारच. वर्षातून एकदा साफ करून घ्या.

वीज करणारी पॅनलं येणार आहेत, त्यांच्यावरची काच वेगळी. तिच्यात लोह मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे ऊन अडत नाही. कारखान्याचा हंगाम चालू असताना चिमणीची राख गच्चीवर येते, तेव्हा पॅनलं पहाटे धुवा, दुपारी नको. कारण मघाशी सांगितलं तेच.

कारखान्याचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण आपल्यातले कितीतरी जण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे नोकरी केलेले आहेत. साखर कारखाना काचेशिवाय आंधळा आहे, हे त्यांना माहीत आहे, घरच्यांना नसेल. पॅनमध्ये रस आटवतात तो हवा काढून, म्हणजे कमी उष्णतेला उकळतो आणि साखर करपत नाही. ते पॅन बंद. आत काय चाललंय ते बघायला जाड काचेची खिडकी असते, साइट ग्लास. पॅनमन त्या खिडकीला डोळा लावून उभा असतो. नमुना काढून लहान काचपट्टीवर पसरतो आणि उजेडासमोर धरतो. दाणा किती धरलाय, सारखा आहे का, मध्ये बारीक भुरका झालाय का, हे त्याला काचपट्टीवर दिसतं. यंत्रं कितीही आली तरी जुना पॅनमन काचपट्टी सोडत नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त पॅनमन काकांना डॉक्टरनं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “डोळ्यात भिंग घालताय, बरं चांगल्या ग्रेनचं घाला.”

प्रयोगशाळेतली काच तर पैशाची काच. उसाच्या रसात, बगॅसमध्ये, मळीत किती साखर आहे हे पोलारिमीटरनं बघतात. २०० मिलिमीटरची नळी, दोन्ही टोकांना गोल काच, आत गाळून स्वच्छ केलेला रस. एका पातळीत कंप पावणारा प्रकाश त्यातून सोडला की साखर त्याची दिशा उजवीकडे वळवते. जेवढी साखर जास्त, तेवढा वळ जास्त. गंमत म्हणजे टोकाची टोपी जास्त आवळली तर काचेत ताण येतो आणि तो ताणही प्रकाश वळवतो. रसात काही फरक नसताना आकडा चुकतो. म्हणून शिकाऊ केमिस्टला पहिल्या दिवशी सांगतात, टोपी हलक्या हातानं लाव. आणि हीच तत्त्वं शेतात बघायची तर डाळिंबवाल्याच्या, द्राक्षवाल्याच्या खिशातला रिफ्रॅक्टोमीटर. काचेच्या लोलकावर रसाचा थेंब, डोळ्याला लावला की गोडी आकड्यात. त्याचं तत्त्व वेगळं, तिथे प्रकाश वाकतो, वळत नाही, पण काचेशिवाय दोन्ही अडतात.

काचेतला ताण दिसतो का? दिसतो. पोलराइड गॉगल घालून गाडीच्या मागच्या काचेकडे बघा. ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी दिसेल. ती टफन काच. हे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

बाकी काही गोष्टी धावत सांगतो. आपल्या घरातलं वायफाय काचेतून येतं. केसापेक्षा थोडा जाड काचेचा तंतू, १२५ मायक्रॉनचा. ही काच इतकी शुद्ध की किलोमीटरभर गेल्यावरही शंभरातला पंचाण्णव भाग प्रकाश उरतो. टीपॉयच्या कडेत हातभर बघितलं तर हिरवं होतं, त्याच्याशी तुलना करा. असा तंतू आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरजवळ तयार होतो. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात गिरवली इथे आयुकाची दुर्बीण आहे, २००६ पासून. तिचा आरसा २ मीटर व्यासाचा. आणि भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेव्हा पुण्याचे लोक गळ्यात जी दुर्बीण घालून येतात, तीही काचच. नावाड्याच्या घरची चूल त्या काचेवर चालते, असं म्हटलं तरी चालेल.

ऊसतोडीला येणाऱ्या लमाणी बायकांच्या चोळीवरची आभली बघितलीत? ती सपाट आरशाचे तुकडे नव्हेत. काचेचा पातळ फुगा फुंकून आतून पारा-चांदीसारखा लेप देत आणि मग तो फोडून तुकडे करत. गुजरातेत कपडवंजला हे काम चालतं. म्हणून त्या आभल्याला किंचित बाक असतो आणि ते उन्हात वेगळं चमकतं. आपल्या घरच्या मंगळसूत्रातले काळे मणी, तेही काचेचेच. आणि बांगडी. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो. काचेला इतकं जपून बोलणारी भाषा आपली. पण त्याच काचेनं विधवा बाईचा अपमानही केला, हे बोलायला हवं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आपण ग्रामपंचायत नाही, सोसायटी आहोत. पण मागच्या वर्षी ए विंगमधल्या एका घरात हा प्रसंग आला तेव्हा चार जणी पुढे झाल्या आणि त्यांनी बांगड्यांना हात लावू दिला नाही. त्या इथे बसल्या आहेत. नावं घेत नाही, टाळ्या वाजवा.

आता इमारत.

जुन्या खिडकीच्या काचेतून रस्ता वाकडा-तिकडा दिसायचा. काही लोक सांगतात की काच हळूहळू ओघळते, म्हणून जुन्या वाड्यातली काच खाली जाड. हे खरं नाही. ती काच करतानाच कमी-जास्त जाडीची व्हायची. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत सोडायची पद्धत जाहीर केली. तेलावर पाणी नव्हे, पाण्यावर तेल जसं पसरतं तसं. दोन्ही बाजूंनी आपोआप सपाट. हीच फ्लोट काच, आज तुमच्या प्रत्येक स्लायडिंगमध्ये आहे. आपल्या राज्यात तळोज्याला ती होते. ती स्वस्त झाली आणि मग सगळ्या जगाला काचेची इमारत हवी झाली.

थंड देशात ते ठीक. ऊन आत येतं, आतली ऊब काचेतून सहज बाहेर पडत नाही, म्हणून हॉलंडमध्ये भाजीपाला काचघरात पिकवतात. आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रात डच मदतीनं भाजीपाल्याचं केंद्र उभं राहिलं, पण आपल्या शेतकऱ्यांची पॉलिहाऊसं प्लास्टिकच्या कागदाची. काच महाग हे एक कारण. दुसरं, आपल्याला ऊब साठवायचीच नाही, उलट टाळायची आहे. आता तेच काचघर आपण स्वतः राहायला बांधायचं म्हणतोय!

हिशोब सांगतो, अगदी साधा. आपली पुढची बाजू पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर एका चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट ऊन पडतं. साध्या काचेतून त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत येतं. चार फूट बाय चार फूट खिडकी म्हणजे दीड चौरस मीटर. गुणाकार पोरं करतील… आठशे चाळीस, बरोबर. म्हणजे एप्रिलमध्ये हॉलमध्ये जवळजवळ एक हीटर लावून बसणं. सगळी समोरची बाजू काचेची केली तर असे किती हीटर? त्यावर एसी. ठरावात ‘एलिव्हेशन आधुनिक दिसेल’ असं लिहिलंय. दिसेल. लाइटबिलही आधुनिक दिसेल.

काळी फिल्म लावू, असं कुणी म्हणेल. फिल्म ऊन थोडं अडवते, पण स्वतः तापते. उष्णता काचेच्या बाहेर अडवली तर खरा उपयोग. सावलीची पडदी, वाळ्याचा पडदा, बांबूची चिक, हे बाहेरून. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तो फक्त सोफ्याचा रंग वाचवतो. छज्जा दक्षिणेला चालतो, पश्चिमेला मावळतीचं ऊन त्याच्याखालून येतं, तिथे उभ्या पडद्या हव्यात. काच लावायचीच हौस असेल तर उत्तरेला लावा.

बाल्कनीच्या रेलिंगचं. साडेतीन फूट उंचीवर, तिसऱ्या मजल्यावर, मुलं टेकणार. तिथे नुसती टफन काच चालणार नाही, हे मी ठामपणे सांगतो. टफन म्हणजे काय? साधी काच सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचा झोत मारतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि वरच्याला दाबून धरतो. मघाशी म्हटलं ना, काचेला ओढ सोसत नाही, दाब सोसतो. इथे वरचा थर आधीच दाबून ठेवलाय, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची. गॉगलमधून दिसणारी नक्षी म्हणजे हा कोंडलेला ताण. पण फुटली की एकदम सगळी फुटते, ज्वारीच्या दाण्यासारखे तुकडे होतात. सुरे होत नाहीत, हा फायदा. पण रेलिंगच नाहीशी होते, हा धोका. क्वचित काचेतच राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे ती कुणी हात न लावताही फुटते. म्हणून उंचावरच्या रेलिंगला दोन टफन काचा मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या हव्यात, लॅमिनेटेड. फुटली तरी जाग्यावर लटकून राहते. कोटेशनमध्ये फक्त ‘१२ एमएम टफन’ लिहिलंय. मी वाचलंय. लोखंडी गज कुरूप दिसत असतील, पण पंचवीस वर्षांत एकही पोर त्यातून पडलेलं नाही.

आणि आता जिना. हे बोलण्यासाठीच मी आज उभा राहिलो.

आपल्या दोन्ही विंगच्या जिन्यात प्रत्येक वळणावर पायाच्या पातळीपासून काच आहे. बिल्डरनं ती ३ एमएम साधी लावली. उजेड छान येतो, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे खूष होतो. सात वर्षांपूर्वी पकडापकडी खेळताना ए विंगमधली एक मुलगी वळणावर घसरली आणि तिचा हात त्या काचेतून आरपार गेला. दंडाला अकरा टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर इकडे असतं तर शीर गेली असती. ती आज दहावीत आहे, हात ठीक आहे, कबड्डी खेळते. ती फुटलेली एक काच आपण बदलली. पुन्हा ३ एमएम साधीच. कारण काच आणायला गेलेल्यानं ‘होती तशी द्या’ म्हटलं आणि दुकानदारानं दिली. उरलेल्या अकरा तशाच आहेत. दोन विंग, प्रत्येकी तीन वळणं, प्रत्येक वळणावर खालच्या दोन. बारा झाल्या.

पायापासून छातीपर्यंत जिथे माणूस आदळू शकतो तिथे सुरक्षित काचच हवी, हे साधं शहाणपण आहे, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेत आता काचेवर वेगळं प्रकरणही आहे. टफन काच मागताना दोन गोष्टी बघा. कोपऱ्यात शिक्का असतो, आयएस २५५३ चा. शिक्का नाही म्हणजे टफन नाही, दुकानदार कितीही शपथा घेवो. आणि माप आधी बरोबर द्या, कारण टफन झाल्यावर ती कापता येत नाही, कापायला गेलात की दाणे. आज पैसे नसतील तर तोवर साध्या काचेला आतून पारदर्शक सेफ्टी फिल्म लावता येते. फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. एका दिवसाचं काम आहे.

समोरच्या बाजूचा ठराव सभेत जाईल, मतदान होईल, बहुमत जे ठरवेल ते मला मान्य. पण जिन्याच्या बारा काचांना मतदान कशाला हवं? रिपेअर फंडातून होतील. कमिटीनं आत्ता मान हलवली, सर्वांनी बघितली. मग येत्या रविवारी सकाळी नऊला ए विंगच्या पहिल्या वळणापासून मापं घ्यायला सुरुवात करू. टेप माझ्याकडे आहे. गुडघ्यावर बसणं आता मला जमत नाही, तेव्हा दोन पोरं आणि वही-पेन घेऊन कुणीतरी एक जण या.